सुट्टीत उघडणारे घर

१/ हिंगोली जिल्ह्यातील आमचे माळवदाचे घर वर्षातून दोनदाच उघडते : दिवाळीत आणि उन्हाळी सुट्टीत. भावंडे पुण्यात नि संभाजीनगरात. तरी मृगापूर्वी माळवदावर पांढरी माती टाकायला कुणीतरी येतेच. एक वर्ष चुकले, की पाणी किलचणात उतरते आणि सागवानी तुळया कुजू लागतात.

२/ ही माती येते कुठून? आपल्या गावाचे दोन भाग : काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे वस्ती. पिढ्यान्‌पिढ्या मातीच्या भिंती ढासळून, राख-शेण साचून वस्तीची जागा उंचावत जाते. तिथली चिकण माती पाणी अडवते. म्हणून लोक जुनी पांढरीच खणून नेतात.

३/ धाराशिव जिल्ह्यातील तेरच्या पांढरीत सातवाहनकालीन वस्तू सापडल्या. रामलिंगप्पा लामतुरे यांनी त्या जमवल्या, जपल्या. तेथील संग्रहालय आज त्यांच्याच नावाने उभे आहे.

४/ गेल्या उन्हाळ्यात आमच्याही घमेल्यात एक खापर आले. आजोबांचे घर राखण्यासाठी आपण कुणाच्या तरी आजोबांचे घर उकरत होतो, हे तेव्हा उमगले. यंदा माळवदावर पत्रे घालणार आहोत. घर थोडे कुरूप दिसेल. टेकाड मात्र राहील. तुमच्या गावची जुनी पांढरी कुठे आहे, एकदा घरी विचारून पाहा.