शिशाचे ओझे

मंगरूळपीरच्या परिसरात आमच्या वयाच्या मंडळींनी पोहणे शिकले ते विहिरीत, पाठीला वाळका भोपळा किंवा रिकामा डबा बांधून. बुडू नये म्हणून काही बांधावे, एवढेच आम्हांस ठाऊक. बुडता यावे म्हणून शिसे बांधतात, हे तारकर्लीच्या समुद्रात स्कुबा डायव्हिंग शिकविणाऱ्या आमच्या पुतण्याने गेल्या उन्हाळ्यात येथील विहिरीच्या काठी बसून सांगितले.

"किती शिसे बांधता?" आम्ही सहज विचारले.

"काका, सारी विद्या त्यातच आहे!"

मनुष्य आणि त्याचा जाड रबरी पोशाख पाण्यावर तरंगू पाहतात. ते तरंगणे फिटेल इतकेच शिसे कमरपट्ट्यात ओवायचे. खारे पाणी विहिरीच्या पाण्याहून जड. म्हणून साहित्यासह ८० किलो भरणाऱ्यास समुद्रात सुमारे २ किलो शिसे अधिक लागते. नवशिका भयापोटी जास्तच बांधतो. मग तोल राखण्यासाठी जाकिटात जादा हवा भरतो. वर येताना पाण्याचा दाब घटतो, ती हवा फुगते आणि त्याला अनावर वेगाने वर ढकलते.

मात्र खरे मोजमाप परतीच्या वेळचे. नळकांड्यातील हवेलाही वजन असते. डुबकी संपेतो सुमारे २ किलो हवा श्वासावाटे निघून जाते. अशा हलक्या अवस्थेतही ५ मीटर खोलीवर ३ मिनिटे स्थिर थांबता आले पाहिजे. शिवाय पट्ट्याची कडी अशी, की संकटात एका हाताने सुटावी.

हे ऐकताना आम्हांस एक शेतकरी बंधू आठवले. काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी ते कर्जाची व्यथा घेऊन आले होते. आम्ही त्यांना धीराने क्रूस वाहण्याचा उपदेश केला. कर्ज किती, कुणाकुणाचे, हे विचारलेच नाही. ते मुकाट्याने उठून गेले. पुढे ते मिस्सेला दिसले नाहीत. घराला कुलूप लावून कुटुंब गाव सोडून गेल्याचे मागाहून कळले.

क्रुसाच्या वाटेवर पाचव्या स्थानापाशी आम्ही दरवर्षी गुडघे टेकतो. तेथे प्रभूचाही भार सिमोनाच्या खांद्यावर दिला जातो. इतकी वर्षे ते स्थान पुढे नेणारे आम्ही, त्या संध्याकाळी मात्र ते विसरलो.

आता कुणी दार ठोठावले, की उपदेशापूर्वी आम्ही कागद-पेन्सिल पुढे ओढतो. देणे किती, वाटून घेणारे कोण, आणि पीक विकल्यावर घरात काय उरेल, हे त्यांच्यासोबत बसून मांडतो.