पांचवें बोट

ठाण्याच्या मासुंदा तलावाकांठच्या डबक्यांतून बेडूकमासे धरण्यांत आमचें बालपण गेलें. त्यामुळें पाण्यांतल्या पिल्लांविषयीं आम्हांस कांहीं शिकावयाचें उरलें आहे असें वाटत नसे. ही घमेंड गेल्या पावसाळ्यांत उतरली. आमच्या भाच्यानें मित्राकडून ॲक्सोलॉटलचीं आठ इवलीं पिल्लें घरीं आणलीं. हा मेक्सिकोंतील सोचिमिल्को सरोवराचा प्राणी. बेडकाचा दूरचा आप्त, परंतु जन्मभर कल्ले न टाकणारा, म्हणजे वाढूनही बाळपण न सोडणारा.

आम्हीं चष्मा सारखा करून निदान केलें : सहा काळसर, दोन पांढरीं, आणि साऱ्यांस पुढचे दोनच पाय! 'हीं सव्यंग आहेत, परत करून ये,' आम्हीं बजावलें.

'मामा, बेडकाला मागचे पाय आधीं फुटतात, ह्यांना पुढचे. थोडे दिवस थांबा.'

दोन-तीन आठवड्यांत मागचे पाय आले व आम्ही निमूटपणें वर्तमानपत्रांत शिरलों.

पांढरेपणाही रोग नव्हे. 1864 सालीं पॅरिसच्या वनस्पति-उद्यानांत मेक्सिकोचे जे सहा ॲक्सोलॉटल पोंचले, त्यांत एक नर पांढरा होता. प्रयोगशाळांतील पांढऱ्या वंशाचें मूळ तोच. अंग पांढरें पण डोळे काळे, तर रंगपेशी कातडीभर पसरल्या नाहींत एवढेंच समजावें. डोळ्यांतही काळेपणा नसेल, तर तें कृष्णद्रव्यच नाहीं. आमच्या दोघांचे डोळे मोहरीसारखे काळे होते. चिंता करावी ती कल्ले पुढें वळले, अन्न सुटलें, अंग वांकून पोहतां येईना, अशा वेळीं. ठाण्याच्या उकाड्यांत पाणी 20 अंशांखालीं राखणें हें मात्र खरें संकट. बर्फाच्या बाटल्यांपायीं आमच्या फ्रीजमध्यें दुधालाही जागा उरली नाहीं.

भुकेलीं भावंडें एकमेकांचे पाय तोडतात. तुटलेला पाय पुन्हां उगवतो, क्वचित् एखादें बोट अधिक घेऊन. पुढच्या पायास चार बोटें असावयाचीं. एका पांढऱ्यास पांच आलीं. भाच्यानें भिंगांतून मोजून विचारलें, 'मामा, हें तरी परत करूं?'

आमच्या डाव्या करंगळीशेजारीं एक वण आहे. तेथें जन्मतः सहावें बोट होतें; पोराला लोक हंसतील म्हणून आजीनें दोरा बांधून तें पाडविलें. लोक हंसावयाचे थांबले नाहींत, ते वणास हंसले. शाळेंत आम्ही तो हात खिशांत ठेवीत असूं. आजही वर्गांत फळ्यापाशीं उभे असतां तो आपोआप तेथें जातो.

'राहूं दे,' आम्ही म्हणालों, आणि त्याच्याकडून भिंग घेऊन तीं पांच बोटें पुन्हां एकदां मोजलीं.