पंचगंगेकाठची पोलिश शाळा

कोल्हापुराहून मिरजेकडे जाणाऱ्या आगगाडीने निघाले म्हणजे दोन-अडीच कोसांवर वळिवडे हे लहानसे स्टेशन लागते. त्याच्या लगतची वस्ती आज गांधीनगर या नावाने सर्वांस ठाऊक आहे. घाऊक कापडाची पेठ म्हणून दक्षिण महाराष्ट्रात तिचा लौकिक असून आपल्यापैकी कित्येक घरांतील लग्नाचा बस्ता येथेच बांधला गेला असेल. परंतु ज्या जमिनीवर ही पेठ उभी आहे, त्याच जमिनीवर १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार वस्तीचे एक पोलिश गाव नांदत होते, ही गोष्ट खुद्द कोल्हापुरातील नव्या पिढीसही फारशी माहीत नसते. त्या गावात पुरुष थोडे, बायका पुष्कळ आणि मुले त्याहून पुष्कळ होती. सबब ते गाव म्हणजे बव्हंशी एक शाळाच होती, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

परदेशी जाऊन विद्या संपादन करणाऱ्यांची प्रवासवर्णने आपण आवडीने वाचतो. परंतु तो विद्यार्थी स्वखुशीने गेलेला असतो. त्याचे घर मागे शाबूत असते, आणि परत कोठे जावयाचे याविषयी त्यास शंका नसते. ज्यांनी देश सोडला नाही, तर ज्यांच्या हातून देशच हिसकावून घेतला गेला, त्यांच्या मुलांचे परक्या भूमीवरील शिक्षण कसे चालते, हा प्रश्न निराळा आहे. त्याचे उत्तर आम्हांस वळिवड्याच्या इतिहासात सापडते.

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पोलंडवर स्वारी केली, आणि १७ सप्टेंबर रोजी पूर्वेकडून सोव्हिएत रशियाचे सैन्य त्या देशात शिरले. १९४० च्या फेब्रुवारीपासून १९४१ च्या जूनपर्यंत पूर्व पोलंडातील कुटुंबेच्या कुटुंबे मालगाड्यांच्या डब्यांत कोंबून सैबेरियात व कझाकस्तानात नेण्यात आली. पुढे जर्मनीने रशियावरच हल्ला केला तेव्हा वारे फिरले. ३० जुलै १९४१ रोजी झालेल्या करारान्वये या लोकांच्या सुटकेचा मार्ग मोकळा झाला, आणि जनरल अँडर्स यांच्या नेतृत्वाखाली त्यांचे सैन्य उभारण्यात आले. १९४२ सालच्या मार्च-एप्रिलात व पुन्हा ऑगस्टात हे सैन्य आणि त्याच्या आश्रयाने निघालेली बायकामुले, अशी एक लाखाहून अधिक माणसे कास्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरास लागली. भूक आणि साथीचे रोग यांनी ती इतकी पोखरली होती की, मुक्त भूमीवर पाय ठेवल्यावरही त्यांतील कित्येकांनी तेथेच प्राण सोडले.

इराणातून पुढे वाटा फुटल्या. सैन्य इराक व पॅलेस्टाईनमार्गे इटलीच्या रणांगणाकडे गेले. आईबापांवाचून राहिलेल्या मुलांपैकी पुष्कळांची सोय इस्फहान येथे झाली आणि त्या नगरास पोलिश मुलांचे शहर असे नाव पडले. तेथून कोणी पूर्व आफ्रिकेत, कोणी मेक्सिकोत, कोणी थेट न्यूझीलंडात गेले. हिंदुस्थानात प्रथम नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी आपल्या बालाचडी या ठिकाणी मुलांस आसरा दिला. मोठी कायम वसाहत मात्र कोल्हापूर संस्थानात वसवावयाचे ठरले, आणि कराचीच्या तात्पुरत्या छावणीतून १९४३ सालच्या मध्यापासून हे लोक वळिवड्यास येऊ लागले.

वसाहतीची रचना साधी होती. जमिनीलगत दगडी जोते, वर बांबूच्या तट्ट्यांच्या भिंती आणि माथ्यावर कौले, अशा लांबच लांब बराकी ओळीने उभ्या होत्या, आणि प्रत्येक बराकीत कुटुंबवार बिऱ्हाडे केलेली होती. आमच्याकडील चाळीत राहिलेल्यांस ही मांडणी अनोळखी वाटणार नाही. वसाहतीत देऊळ म्हणजे त्यांचे चर्च होते, इस्पितळ होते, पोस्ट होते, नाटके व सभा यांकरिता सभागृह होते, आणि सहकारी तत्त्वावर चालणारे भांडारही होते. खर्चाचा भार लंडन येथील पोलिश निर्वासित सरकार सोशीत असे.

या साऱ्या संसारात शाळेचे स्थान पहिले होते. लहान मुलांच्या प्राथमिक शाळा, त्यांवर माध्यमिक विद्यालय, जोडीस धंदेशिक्षणाची सोय, अशी पायरीपायरीने चढणारी व्यवस्था त्यांनी उभी केली. दोन-तीन वर्षे सैबेरियाच्या जंगलांत व शेतांवर काढल्यामुळे मुलांचे वय वाढले होते, पण अक्षरओळख मागे राहिली होती. ते अंतर भरून काढावयाचे होते. शिकविणाऱ्या बहुतेक स्त्रियाच होत्या. पुस्तकांची टंचाई होती. जेरुसलेम येथे पोलिश अधिकाऱ्यांनी छापवून घेतलेली शालेय पुस्तके दूरदूरच्या वसाहतींस पुरविली जात, आणि ती पुरेनात तेव्हा शिक्षिकेची स्मरणशक्ती व विद्यार्थ्याची वही हीच पाठ्यपुस्तके होत. बालवीर चळवळीचा तर त्यांस विलक्षण छंद होता. बापाचे छत्र नसलेल्या मुलांस शिस्त, गाणी आणि सोबत या तिन्हींचा लाभ तिच्यापासून होई.

कोल्हापुरास परगावच्या विद्यार्थ्यांचा विटाळ कधी वाटला नाही. १९०१ पासून श्रीशाहू छत्रपतींनी मराठा, जैन, मुसलमान, लिंगायत अशा निरनिराळ्या समाजांच्या मुलांकरिता वसतिगृहे उघडविली, आणि १९१७ साली मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. ज्या नगरीत शिकावयास आलेल्या परक्या मुलास जागा देणे हा राजधर्मच होऊन बसला होता, तिच्या परिसरात ही शाळा यावी, हा योगायोग आम्हांस अर्थपूर्ण वाटतो. त्या काळी कोल्हापूरच्या गादीवर बालराजे शिवाजी होते व कारभार महाराणी ताराबाईसाहेबांच्या रीजन्सीखाली चाले. काळही बिकट होता. त्याच १९४३ साली बंगालात दुष्काळाने लक्षावधी माणसे मरत होती, आणि शेजारच्या सातारा जिल्ह्यात परक्या सत्तेविरुद्ध प्रतिसरकार उभे राहत होते. जो देश स्वतः पारतंत्र्यात होता, त्याच्याच भूमीवर दुसऱ्या हिरावलेल्या देशाची मुले आपले राष्ट्रगीत म्हणत होती.

याच लोकांपैकी काहींची वाट अरब देशांत गेली; तिच्याशी वळिवड्याची तुलना बोधप्रद आहे. पॅलेस्टाईनात सैन्याच्या आश्रयाने मुलामुलींच्या शाळा निघाल्या. लेबाननात तर युद्धाच्या अखेरीस काही हजार पोलिश माणसे जमली, आणि त्यांतील तरुण-तरुणी बैरूत येथील अमेरिकन विश्वविद्यालयात व सेंट जोसेफ विश्वविद्यालयात दाखल झाली. त्यांस फ्रेंच वा इंग्रजी भाषेतून शिकावे लागे, स्थानिक विद्यार्थ्यांशेजारी बसावे लागे, डोंगरातील गावांत अरब कुटुंबांच्या घरी भाड्याने राहावे लागे. साहजिकच यजमान देशाशी त्यांची ओळख अधिक निकटची झाली. वळिवड्याचे पोर मात्र पोलिश घरातून निघून पोलिश शाळेत जाई आणि पोलिश घरीच परत येई. बैरूतच्या विद्यार्थ्यास नवे जग मिळाले. वळिवड्याच्या विद्यार्थ्यास आपले जुने जग टिकविता आले. दोहोंपैकी श्रेष्ठ कोणते, हे ठरविणे सोपे नाही.

वळिवड्याच्या पद्धतीत एक उणीव होती, हे मात्र नमूद केले पाहिजे. तो अभ्यासक्रम परत जाण्याकरिता आखलेला होता, म्हणून शेजारच्या मराठीस त्यात जागा मिळण्याचे कारण नव्हते. धान्य, दूध, भाजीपाला यांच्या निमित्ताने खेड्यांतील लोकांशी जो संबंध येई, तेवढ्यापुरते शब्द मुले उचलीत. आमच्या बाजूनेही त्या तट्ट्याच्या भिंतीपलीकडे डोकावण्याचा खटाटोप थोडाच झाला. त्याच सुमारास वांदा दिनोव्स्का ऊर्फ उमादेवी या पोलिश विदुषींनी मद्रासहून पोलिश-भारतीय ग्रंथमाला सुरू केली व आपल्याकडील धर्मग्रंथ पोलिश वाचकांपुढे ठेविले. त्यांचे सहकारी मॉरिस फ्रीडमन यांचा औंध संस्थानच्या राज्यघटनेशी निकटचा संबंध होता. अशी एखादी व्यक्ती सेतू बांधू शकते, हे यावरून दिसते. मोठ्या संख्येने ते घडले नाही, एवढेच.

परत जाण्याकरिता जी मुले शिकत होती, त्यांचे परत जाण्याचे ठिकाण १९४५ च्या फेब्रुवारीत याल्टा येथील बैठकीत नाहीसे झाले. पूर्व पोलंडचा प्रदेश रशियाकडे राहावा असे तेथे ठरले, आणि वळिवड्यातील बहुतेकांची गावे त्याच प्रदेशातील होती. जुलैत ब्रिटनने लंडन येथील पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. ज्यांचे बाप व भाऊ १८ मे १९४४ रोजी इटलीत मोंते कासिनोचा मठ जिंकून देत होते, त्यांचीच घरे तहात गेली. त्याच इटलीत आमचे मराठा शिपाईही लढत होते. नाईक यशवंत घाडगे १९४४ च्या जुलैत तेथेच पडले व त्यांस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

या बातमीनंतरही शाळा बंद पडल्या नाहीत, हीच आम्हांस सर्वांत मोठी गोष्ट वाटते. जिचा भूगोल शिकविला जात होता ती भूमी नकाशावर दुसऱ्याच्या नावे चढली, तरी वर्ग भरत राहिले. १९४६ साली बालाचडीची छावणी उठल्यावर तेथील उरलेली मुलेही वळिवड्यास आली. पुढे सैनिकांची कुटुंबे ब्रिटनला, कोणी ऑस्ट्रेलियास, कोणी अमेरिकेस, थोडी पोलंडास अशी पांगत गेली, आणि १९४८ पर्यंत बराकी रिकाम्या झाल्या.

त्या फार काळ रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणीने सिंधमधून उखडलेली कुटुंबे त्याच वसाहतीत आणून बसविण्यात आली, आणि तिचे गांधीनगर झाले. एका निर्वासिताने सोडलेली चूल दुसऱ्या निर्वासिताने पेटविली. पोलिशांस निदान आपल्या भाषेचा देश कोठेतरी उरला होता. सिंध्यांच्या भाषेस स्वतंत्र भारतात स्वतःचा प्रांत राहिला नाही. त्यांनी व्यापाराच्या बळावर मुळे धरली, आणि ज्या कापडपेठेचा आरंभी उल्लेख केला ती त्यांच्याच कष्टांचे फळ होय.

पोलिश वसाहतीची खूण म्हणून कोल्हापुरात त्यांच्या मृतांच्या कबरी आहेत, आणि महावीर उद्यानात १९९८ साली उभारलेला स्मृतिस्तंभ आहे. परदेशी माती म्हणजे काय, हे कोल्हापूरकरांस सांगावयास नको. त्यांचे तरुण राजे राजाराम महाराज विलायतेहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्स येथे निवर्तले. त्यांची छत्री आजही अर्नो नदीच्या काठी उभी आहे. तिकडे वॉर्सा नगरीतही कोल्हापूरच्या औदार्याचे स्मारक असून २१ ऑगस्ट २०२४ रोजी भारताच्या पंतप्रधानांनी तेथे जाऊन अभिवादन केले.

आज आपल्या घरांतील लेकी-सुना दुबईस, मस्कतास, दोह्यास संसार थाटीत आहेत आणि नातवंडे तेथल्या शाळांत जात आहेत. त्यांच्यावर कोणतेही संकट कोसळलेले नाही, ही देवाची कृपाच. परंतु भाषेच्या बाबतीत सुखवस्तू माणसाचे नुकसान निर्वासिताहून लवकर होते, कारण त्यास काही गमावल्याची टोचणी नसते. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या पोलिशांनी शनिवारी भरणाऱ्या आपल्या भाषेच्या शाळा चालविल्या व त्या अद्यापि चालू आहेत. वळिवड्याच्या स्त्रियांजवळ पुस्तके नव्हती, नवरे जवळ नव्हते, पुढे जावयाचे कोठे हेही ठाऊक नव्हते. आपल्या घरांत मात्र आजी आहे, पोथी आहे, आणि सातासमुद्रांपलीकडील नातवंडाशी रोज बोलण्याचे साधनही हाताशी आहे. त्या बोलण्यातील अर्धी घटका मराठी वाचनास द्यावी, आणि नातवंडास तेथील शेजाऱ्याची अरबी भाषाही अवश्य शिकू द्यावी. वळिवड्यास यांतील पहिली गोष्ट साधली व दुसरी राहून गेली. आपल्या मुलांस दोन्ही साधावयास कसलीच आडकाठी नाही.