गंधकापाशी आधी कोण पोचतं

टोल्यूइनमधल्या ॲनिलिनवर थायोनिल क्लोराइड थेंबथेंब सोडलं की आधी फ्लास्कमध्ये पांढरा गाळ दाटतो. तो ॲनिलिनचा हायड्रोक्लोराइड क्षार. ढवळणारा मॅग्नेट अडखळू लागतो आणि नवख्याला वाटतं, रिॲक्शन बिघडली. बिघडलेली नसते. रिफ्लक्सवर ठेवायचं आणि थांबायचं. हायड्रोजन क्लोराइड स्क्रबरकडे जात राहतो, गाळ विरत जातो आणि शेवटी स्वच्छ पिवळा द्राव उरतो. त्यात एन-सल्फिनिलॲनिलिन हे सल्फिनिलअमाइन असतं. हे नितळणं मला घड्याळापेक्षा भरवशाचं वाटतं.

सल्फर डायऑक्साइडमधला एक ऑक्सिजन काढून तिथे नायट्रोजन बसवला की सल्फिनिलअमाइन. रेणू तसाच वाकलेला. दोन्ही शेजारी गंधकाकडचे इलेक्ट्रॉन ओढतात, त्यामुळे इलेक्ट्रॉन देणारा कुणीही आला तरी गंधक त्याला जवळ करतो. पाणीसुद्धा त्यातलंच. ओल लागली की अमाइन परत मिळतं आणि सल्फर डायऑक्साइड निघून जातो. बाटली उघडताच पेटलेल्या काडीसारखा वास नाकात गेला तर समजावं, आत पाणी पोचलंय. मुंबईच्या पावसाळ्यात म्हणूनच काच ओव्हनमधून काढायची ती थेट नायट्रोजनखाली. रिॲक्शन संपली का हे पाहायला टीएलसीवरही मी विसंबत नाही. सिलिकावरच्या पाण्याने रेणू मोडतो, ॲनिलिनचा ठिपका दिसतो आणि माणूस झालेली रिॲक्शन उगाच आणखी तापवत बसतो.

ही संयुगं जुनी आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत ऑगस्ट मिखाएलिस यांनी ती बनवली. १९५३ साली ओटो विख्टर्ले यांनी त्यांची डाइनशी, म्हणजे दोन दुहेरी बंध असलेल्या रेणूशी, गाठ घालून गंधक आणि नायट्रोजन शेजारी असलेलं सहा अणूंचं वलय मिळवलं. मऊ कॉन्टॅक्ट लेन्समुळे पुढे जगाला माहीत झाले, ते हेच विख्टर्ले. मग २०१७ साली ऑक्सफर्डच्या मायकेल विलिस यांच्या गटाने नायट्रोजनवर ट्रायटिल हा अवजड गट असलेलं सल्फिनिलअमाइन वापरलं. ते घन आहे, हाताळायला सोपं आहे, आणि तरीही गंधकाची भूक शाबूत आहे. हा तोल मला फार सुंदर वाटतो.

या ट्रायटिलवाल्या सल्फिनिलअमाइनवर थंडीत ग्रिन्यार, म्हणजे कार्बन-मॅग्नेशियमचं संयुग, सोडलं की कार्बन नेमका गंधकावर जाऊन बसतो. पुढे टर्ट-ब्यूटिल हायपोक्लोराइट, मग अमाइन, आणि सल्फोनिमिडामाइड तयार. सगळं एकाच फ्लास्कमध्ये, पण क्रम बदलायचा नाही. अमाइन घाईने आधी घातलं तर हायपोक्लोराइट त्याच्यावरच खर्ची पडतं आणि गंधक तसाच राहतो. या कामातली निम्मी कारागिरी कोणाला थांबवायचं यात आहे.

एवढा खटाटोप का? प्रॉन्टोसिल या जंतुरोधक औषधापासून औषधांत सल्फोनामाइड रुळले. त्याबद्दल गेरहार्ड डोमाक यांना १९३९चं नोबेल मिळालं. सल्फोनामाइडच्या गंधकावर दोन ऑक्सिजन सारखेच असतात. त्यातला एक काढून नायट्रोजन आणला की सल्फोनिमिडामाइड होतं आणि गंधकाभोवतीचे चारही शेजारी वेगळे होतात. मग त्या रेणूला डावं-उजवं रूप येतं आणि शरीरातल्या प्रथिनांना त्या दोहोंतला फरक कळतो. शिवाय त्या नायट्रोजनवर आणखी एखादा गट टांगता येतो, औषध रक्तात किती विरघळावं हे थोडं हाताशी येतं. दोन्ही रूपं मिसळलेली मिळवणं आता सोपं झालंय. हवं तेच एक रूप थेट फ्लास्कमधून काढायचं, तर ग्रिन्यार गंधकावर कोणत्या बाजूने चढतं हे आपल्याला ठरवता यायला हवं. सध्या मी त्याच्याच मागे आहे.