चुलीपुढचा पाट

आमच्या सांगलीच्या घरीं पहाट होई ती फुंकणीच्या आवाजानें व मातोश्रींच्या खोकल्यानें. लाकडाचा धूर फुप्फुसें पोखरतो हें कळल्यावर आम्हीं मोठ्या उत्साहानें कमी धुराची चूल आणिली. आठवड्यांत ती अडगळींत गेली. आम्हीं मातोश्रींना हट्टी ठरविलें. त्या एवढेंच म्हणाल्या, “हिच्या तोंडाशीं निखारा ओढावयास जागा नाहीं, भाकरी फुगवूं कोठें?”

पुढें सातारा जिल्ह्यांत, फलटणच्या निंबकर कृषि संशोधन संस्थेनें केलेल्या ‘लॅनस्टोव्ह’विषयीं वाचलें. रॉकेलच्या एकाच दिव्यानें उजेड पडतो व अन्नही शिजतें. धूर आणि अंधार, बाईचीं हीं दोन्हीं दुःखें कर्त्यांनीं एकत्र पाहिलीं. असल्या साधनाचा आरंभ चुलीपुढच्या पाटावरूनच व्हावयास हवा. पाटावर आम्ही आजवर बसलों तें केवळ जेवावयास!