धरणें आणि सोडणें

गाडी थांबविणें हें ब्रेकचें काम, हें सर्वांस ठाऊक आहे. तिला सोडून देणें हेंहि त्याचेंच काम, ही गोष्ट आम्हांस १९५६ सालच्या मॉरिस मायनरनें शिकविली. नव्यानें डागडुजी झालेली ही म्हातारी चार मैल धावली कीं जड होई आणि तिचें पुढचें डावें चाक हात लाववणार नाहीं इतकें तापे. अशा उष्णतेनें ब्रेक-ऑइलास उकळी फुटली, तर पेडल दाबूनहि गाडी थांबावयाची नाहीं!

शू बदलावे, असें मेस्त्रीचें मत पडलें. आम्हीं चाक उचलून ब्लीडरचा निपल किंचित् सैल केला. तेल उडालें आणि चाक तत्काळ मोकळें झालें. म्हणजे शू व स्प्रिंग यांकडे दोष नव्हता. दाब कोठें तरी अडकला होता. इतर चाकें मोकळीं फिरत होतीं, तेव्हां मास्टर सिलिंडरहि सुटला. राहिली त्या चाकाची रबरी नळी. ती बाहेरून धडधाकट, परंतु आंतून सुजलेली : पायाचा जोर तेल पुढें लोटी, पण दुबळ्या स्प्रिंगांस तें परत लोटवेना. नळी बदलली, चाक थंड राहिलें.

संसारांतहि वडीलधाऱ्यांचा धाक असावा. पण पाय उचलल्यावरहि जो सुटत नाहीं, तो धाक घर तापवितो.