एका मिनिटाच्या आत

शंभर मीटर मुक्तशैली ही जलतरणातील वेगाची खरी कसोटी मानली जाते. नियमानुसार या शर्यतीत कोणत्याही पद्धतीने पोहता येते, प्रत्यक्षात मात्र सर्व स्पर्धक क्रॉल, म्हणजे पालथे राहून आळीपाळीने हात मारत जाण्याची सर्वांत वेगवान पद्धत, वापरतात. पुरुषांमध्ये हे अंतर साठ सेकंदांच्या आत प्रथम जॉनी वाइसम्युलर यांनी 1922 मध्ये कापले, स्त्रियांमध्ये त्यासाठी आणखी चाळीस वर्षे जावी लागली, आणि ज्यांनी ते साधले त्या ऑस्ट्रेलियाच्या डॉन फ्रेझर यांची कारकीर्द पदकांच्या यादीपेक्षा या एका मिनिटाच्या अंगाने पाहिली तर अधिक उलगडते.

सिडनीतील बालमेन या बंदरालगतच्या कामगार वस्तीत 1937 मध्ये जन्मलेल्या, आठ भावंडांत धाकट्या आणि लहानपणापासून दम्याचा त्रास असलेल्या फ्रेझर पोहायला शिकल्या त्या भरती-ओहोटीचे खारे पाणी खेळणाऱ्या तेथील तलावात. पुढे हॅरी गॅलघर या प्रशिक्षकांनी त्यांच्या पोहण्याला शिस्त लावली. त्या काळी स्त्रियांचा विश्वविक्रम नेदरलँड्सच्या विली डेन औडेन यांच्या नावावर होता. 1936 मधील त्यांची 64.6 सेकंदांची वेळ वीस वर्षे टिकली, अर्थात त्यातील कित्येक वर्षे महायुद्धाने गिळली होती हेही ध्यानात ठेवले पाहिजे. फ्रेझर यांनी फेब्रुवारी 1956 मध्ये ती एक दशांश सेकंदाने मोडली आणि त्याच वर्षअखेरीस मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये लॉरेन क्रॅप यांना मागे टाकत 62.0 ची नोंद केली. चार वर्षांनी रोममध्ये त्यांनी सुवर्णपदक राखले ते 61.2 मध्ये, एका वर्षात अडीच सेकंद आणि पुढच्या चार वर्षांत केवळ आठ दशांश, इतकी ही वाट पुढे चिंचोळी होत गेली होती.

येथे घड्याळाचा विचार करणे भाग आहे. प्रत्येक मार्गिकेच्या टोकाशी तीन वेळाधिकारी उभे राहत, स्पर्धकाचा हात भिंतीला लागताच अंगठ्याने घड्याळ थांबवत, आणि तिघांच्या नोंदींतून अधिकृत वेळ ठरे. रोममधील पुरुषांच्या याच शर्यतीत लान्स लार्सन यांची वेळ घड्याळांनी कमी दाखवली असतानाही पंचांनी सुवर्णपदक जॉन डेव्हिट यांना दिले होते. अशा व्यवस्थेत 60.0 आणि 59.9 यांत अंगठ्याच्या हालचालीएवढाच फरक असतो, म्हणून 27 ऑक्टोबर 1962 रोजी मेलबर्नमध्ये फ्रेझर यांच्या नावे नोंदल्या गेलेल्या 59.9 विषयी शंका घेता आली असती. परंतु तो तलाव यार्डांत मोजलेला होता आणि शर्यत 110 यार्डांची, म्हणजे शंभर मीटरपेक्षा सुमारे 58 सेंटिमीटर लांब होती. फ्रेझर यांच्या वेगाने तेवढ्या अंतराला साधारण एक तृतीयांश सेकंद लागतो. महिनाभरातच पर्थ येथे त्यांनी 59.5 आणि फेब्रुवारी 1964 मध्ये 58.9 अशी वेळ दिल्याने उरलासुरला प्रश्नही मिटला.

त्यानंतर काही दिवसांतच फ्रेझर चालवत असलेल्या मोटारीला अपघात होऊन त्यांच्या आईचा मृत्यू झाला आणि त्यांच्या स्वतःच्या मानेच्या मणक्याला इजा झाली. तरीही ऑक्टोबरमध्ये टोकियो येथे, सत्तावीस वर्षांच्या वयात, त्यांनी पंधरा वर्षांच्या शॅरन स्टाउडरला 59.5 विरुद्ध 59.9 असे हरवले. एकाच शर्यतीत दोघी साठच्या आत आल्या, आणि तीन सलग ऑलिम्पिकमध्ये एकच शर्यत जिंकण्याचा मान प्रथमच एका जलतरणपटूला मिळाला.

पाण्यात ज्यांना रोखता आले नाही त्यांना कागदाने रोखले. टोकियोत सम्राटांच्या प्रासादाजवळून ऑलिम्पिक ध्वज पळवण्याचा प्रकार लोकांच्या तोंडी राहिला, पण मनाई असताना उद्घाटन संचलनात चालणे आणि नेमून दिलेल्याऐवजी जुना पोहण्याचा पोशाख घालणे हेही आरोपांत होते. ऑस्ट्रेलियाच्या जलतरण संघटनेने 1965 मध्ये दहा वर्षांची बंदी घातली, ती कोणत्याही मोजमापाने अवाजवी होती, आणि 1968 मध्ये ती उठली तेव्हा मेक्सिकोसाठी तयारीला वेळ उरला नव्हता. तेथे अमेरिकेच्या जान हेन यांनी हीच शर्यत 60.0 मध्ये जिंकली. सुमारे 2,240 मीटर उंचीवरील विरळ हवेमुळे थेट तुलना योग्य नव्हे; मात्र 58.9 चा विश्वविक्रम तेव्हाही फ्रेझर यांच्याच नावावर होता. शेन गूल्ड या पंधरा वर्षांच्या ऑस्ट्रेलियन मुलीने जानेवारी 1972 मध्ये तो 58.5 ने मोडला, तेव्हा मूळची बंदी तशीच चालू असती तर ती संपायला आणखी तीन वर्षे बाकी असती.